झालं, आता मारा

वैदेही आधी वस्तू फोडायची आणि मग खाली बसून तुकडे स्वतःच वेचायची. कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून जुन्या तमिळ पेपरात नीट गुंडाळायची. मग बापासमोर उभी राहून म्हणायची, "झालं. आता मारा."

दादा मारायचा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. कुंभकोणमला आमची घरं शेजारी-शेजारी. खोटं बोलणं, वर्गातली मारामारी, दुकानातून वस्तू उचलणं, सगळं वैदेहीच्या तेराव्या वर्षापर्यंत होऊन गेलं होतं. एका एकादशीला भजन ऐन रंगात आलं असताना तिनं एका म्हाताऱ्या काकांच्या हातातले टाळ हिसकावून विहिरीत टाकले.

"का गं?" मी विचारलं.

"सगळे आनंदात होते. मज सोसेना."

एका मुलीचं डोकं फोडलं म्हणून शाळेनं तिला काढून टाकलं. त्यानंतर एका दुपारी ती मला कोठीत तांदळाच्या पोत्यांमागे सापडली. जेवलेली नव्हती, रडतही नव्हती. "आत्या, सकाळ झाली की मज भय वाटतं. पुन्हा उठायचं म्हणून."

वहिनी आणि मी तिला तंजावरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिच्याशी एकटीशी बराच वेळ बोलून त्या आम्हांला म्हणाल्या, "हिचं वागणं सगळ्यांना दिसतं, आतलं नैराश्य कुणालाच दिसत नाही. उपचार दोन्हींवर हवेत. आणि घरातला मार आधी थांबवा."

औषधं सुरू झाली. हळूहळू ती माझ्याशी पल्लांगुळी खेळायला बसू लागली. हरली तरी कवड्या उधळेना. मग एकदा तिनं दादाच्या दुकानाची काच फोडली.

"गोळ्यांनी कुठं वळण लागतं?" दादानं औषधं बंद केली आणि सेलमचं एक कडक वसतिगृह ठरवलं. वहिनी नुसती रडत राहिली. मी भांडले, तर म्हणाला, "तुझी मुलगी असती, मग बोलली असतीस."

बसस्टँडवर दादा पाण्याची बाटली आणायला गेला, तेव्हा वैदेहीनं विचारलं, "आत्या, मी वाईट का आजारी?"

"आजारी, बाळा."

"मग आजारी माणसाला घरातून का काढता?"

ती माझ्या तोंडाकडं पाहत थांबली. मग स्वतःच पिशवी उचलून बसमध्ये चढली.