हातानं लिहिलेला शेवट

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला तेव्हा मी बारावीच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत बसले होते. ही मुलगी बुलडाण्याला माझ्याकडे भौतिकशास्त्र शिकली, त्यात जेमतेम पास झाली आणि आता मुंबईत टीव्ही मालिका बनवणाऱ्या एका कंपनीत गोष्टी निवडायचं काम करते. मॅडम, मराठीत विचार करायला लावणाऱ्या विज्ञान कादंबऱ्या सांगा, ज्यांची मालिका होऊ शकेल, असं तिचं म्हणणं होतं. रॉकेट आणि राक्षस नकोत. मी वह्या बाजूला सारल्या. इतका चांगला प्रश्न मला बऱ्याच वर्षांत कुणी विचारला नव्हता, आणि वर्गात असताना तर तिनंही नाही.

विज्ञान मालिकांचा मला राग आहे, हे आधीच सांगून टाकते. पांढऱ्या कोटातला माणूस निळ्या उजेडात ओरडतो, मागं नळ्यांमधून धूर निघतो आणि सगळ्या जगाचं भवितव्य एका लाल बटणावर येऊन ठेपतं. माझं अर्धं आयुष्य प्रयोगशाळेत गेलं. आमच्याकडे सगळ्यात थरारक प्रसंग म्हणजे थर्मामीटर फुटून पारा टेबलाखाली पळणं. चांगली विज्ञान कादंबरी जगातली एकच गोष्ट बदलते आणि बाकी सगळं होतं तसं ठेवते. मग त्या एका बदलानं लोकांच्या स्वयंपाकघरात काय होतं, ते शांतपणे बघत बसते.

मी तिला तीन कादंबऱ्या सांगितल्या. नावं इथे लिहीत नाही, कारण कंपनीची बोलणी अजून चालू आहेत आणि माझं तोंड आधीच एकदा पोळलं आहे.

पहिलीत एका शहरातला विसराळूपणा औषधानं बरा होतो. कुणी काहीच विसरत नाही. पहिल्या आठवड्यात लोक पेढे वाटतात. दुसऱ्या महिन्यात नवरा बायकोला लग्नाच्या चौथ्या दिवशी वरणात मीठ किती जास्त पडलं होतं ते सांगतो आणि बायको त्याला त्याच दिवशी तो काय बोलला ते शब्दाला शब्द ऐकवते. भागागणिक एक घर घ्या, असं मी तिला सुचवलं. ही मालिका कधी संपायचीच नाही.

दुसरी एका यानातली आहे. पृथ्वीवरून निघालेल्यांची पतवंडं आता त्यात शाळा शिकतात, आणि एका बाईंना त्या मुलांना ‘नदी’ हा धडा शिकवायचा आहे. नदी मुलांनी पाहिलेली नाही, बाईंनीही नाही. पूर्ण कादंबरी त्या एका तासाची आहे. मी ती वाचून रडले, कारण न पाहिलेला अणू मीही असाच शिकवत आले. हिला सेट म्हणून एक वर्गखोली पुरे. पण तिथे निळा उजेड लावलात तर मी मुंबईला येऊन तो फोडीन, असं मी तिला बजावलं.

तिसरी माझी सगळ्यात लाडकी. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात एक यंत्र बसवलेलं असतं. माणसांनी एका ताऱ्याकडे निरोप पाठवलाय, त्याचं उत्तर यायला माणसाचं एक आयुष्य पुरणार नाही. म्हणून ऐकत बसायचं काम एका घराकडे वतनासारखं दिलेलं असतं. आजी ऐकते, मग आई, मग नात. घरात लग्नं होतात, भांडणं होतात, म्हैस विते, आणि रोज ठरल्या वेळी घरातली एक बाई कानाला यंत्र लावून बसते. शेवटी सरकारी पत्र येतं आणि यंत्र ट्रकात घालून नेतात. पण नात सवयीनं तिच्या वेळेला त्या मोकळ्या जागेवर जाऊन बसते, उरलेल्या लोखंडी खांबाला कान लावते, आणि तेव्हा उत्तर येतं. त्यात कसलं ज्ञान नाही, धमकी नाही. पलीकडचे एवढंच विचारतात, तिकडं कोणी आहे का? सगळी कादंबरी शुद्ध पुस्तकी मराठीत आहे, आणि नात एकदाच आपल्या बोलीत म्हणते, “हाव, बोला.”

हा शेवट मी दहावीत वाचला आणि भौतिकशास्त्र घ्यायचं ठरवलं. त्या एका ‘हाव’साठी, आमच्याकडच्या त्या ‘हो’साठी, मी लेखकाला मनातल्या मनात किती वेळा दाद दिली असेल. सगळं पुस्तक कडक इस्त्रीत ठेवून शेवटी घरची भाषा काढणं, याला छाती लागते. कॉलेजच्या मुलांना मी तो शेवट दर वर्षी सांगत आले. फोनवर तिलाही सांगितला. तिच्या साहेबांनाही तो इतका आवडला की त्यांनी कादंबरीची प्रत शोधायला माणूस लावला.

महिनाभरानं तिचा पुन्हा फोन आला. मुंबईत एका जुन्या संग्रहात प्रत मिळाली होती. ती चाचरत म्हणाली, “मॅडम, तुम्ही सांगितलेला शेवट पुस्तकात नाहीच. यंत्र ट्रकातून जातं आणि पुस्तक संपतं.”

मी तिला चांगलंच झापलं. नीट बघ, पानं गळली असतील. तिनं शेवटच्या पानांचे फोटो पाठवले. खाली ‘समाप्त’ छापलेलं होतं. त्याच्या मागच्या पानावर लेखकाचा संग्रामपूरचा पत्ता होता आणि वर ओळ होती, वाचकांनी आपला अभिप्राय जरूर कळवावा.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी त्याच दुपारी देऊळघाटला गेले. माझं बालपण त्या गावातलं. तिथल्या वाचनालयाचे ग्रंथपाल तेव्हा एकटेच झाडणं, नोंदी आणि बांधणी सगळं करायचे. पुस्तकाची पानं फाटली, हरवली, वाळवीनं खाल्ली, की ते बुलडाण्याहून दुसरी प्रत आणायचे, गेलेली पानं रेघांच्या कागदावर शाईनं उतरवून काढायचे आणि खळ लावून जागच्या जागी चिकटवायचे. आम्ही निम्मी पुस्तकं छापलेली आणि निम्मी त्यांच्या अक्षरात वाचली. त्यामुळे या कादंबरीची शेवटची आठ पानं हातानं लिहिलेली आहेत, याचं मला कधी काही वाटलंच नव्हतं.

हे ग्रंथपालकाका आता ऐंशीच्या घरात आहेत. मी विचारल्यावर त्यांनी आधी चष्मा पुसला. मग सगळं सांगितलं. यंत्र ट्रकात घालतात तिथून पुढचं वाळवीनं पार खाल्लं होतं, पत्त्यासकट. दुसरी प्रत कुठंच मिळाली नाही.

“अन् तवा तू रोज ये, अन् विचारे, काका, पुढं काय झालं? किती दिवस टाळू तुले? मंग मीच लिवलं. माह्याच्यानं तुह्यासारखी पोरगी रिकाम्या हातानं पाठवनं नाही झालं.”

म्हणजे तो शेवट माझ्यासाठी लिहिलेला होता. मला आनंद व्हायला हवा होता, पण काका पुस्तक पुन्हा कपाटात ठेवायला निघाले. कंपनीनं चौकशी केली होती; लेखक हयात आहेत, संग्रामपूरलाच आहेत हे कळल्यावर तर काका घाबरलेच. दुसऱ्याच्या पुस्तकात लिहिणं म्हणजे चोरी, आणि तीही ग्रंथपालानं केलेली, असं त्यांच्या मनानं घेतलं. लेखकाला सांगू नको म्हणाले. पण सांगितल्याशिवाय मार्ग नव्हता. कंपनीला हाच शेवट हवा होता, तो नसेल तर कादंबरीच नको होती, आणि लेखकाच्या परवानगीशिवाय तो घेता येणार नव्हता. माझ्या बडबडीमुळे एका भल्या माणसाची उतारवयात बेअब्रू होणार, हे मला दिसत होतं. शेवटी काकांनी स्वतःच पुस्तक माझ्या हातात दिलं. माफी मागजो माह्याकडून, एवढंच म्हणाले.

रविवारी मी राजूरचा घाट उतरून, दोन बस बदलून संग्रामपूरला पोचले. लेखक पोस्टात कारकून होते, आता निवृत्त. दारात संत्र्याची चार झाडं, ओसरीवर पत्रे. त्यांनी पाणी दिलं आणि हे जारचं आहे, इथलं खारं पाणी तुम्हाला सोसायचं नाही, असंही सांगितलं. मी वाटेत घोकलेलं सगळं विसरले आणि सरळ पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. आठ पानं कुणाच्या हातची आहेत आणि का लिहिली, ते सांगितलं. काकांची माफीही पोचवली.

त्यांनी पानं वाचली, बोट ठेवून, सावकाश. मग पुस्तक घेऊन आत गेले. मी ओसरीवर बसून राहिले आणि परतीची बस किती वाजता आहे ते आठवू लागले. आता बाहेर येऊन हा माणूस मला हाकलून देणार, याची मला खात्रीच होती.

ते बाहेर आले तेव्हा त्यांनी तोंड धुतलेलं होतं, पण डोळे लालच होते. ते म्हणाले, “बाई, पुस्तक छापलं तेव्हा मागं पत्ता देला होता. इथल्या पोस्टात टपालाची छाटनी मीच करो. रोज थैली उघडली का पयले माहं नाव पाहो. रिटायर होईपर्यंत पाह्यलं. एक कार्ड नाही आलं. मले वाटे, कोनी वाचलंच नाही.”

मला लाज वाटली. मीही त्या माणसाला तीस वर्षं मनातल्या मनात दाद देत होते. पत्ता वाळवीनं खाल्ला हे खरं, पण तो शोधायचं माझ्या मनातही आलं नाही. तसं मी त्यांना सांगितलंही. त्यांनी त्या आठ पानांवरून पुन्हा हात फिरवला. आपला शेवट आपण वैतागून लिहिला होता, हा माणूस आपल्यापेक्षा पुस्तक जास्त समजला, असं ते म्हणाले. परवानगी द्यायला ते तयार होते. अटी दोनच, शेवट हाच ठेवायचा आणि पडद्यावर काकांचं नाव आपल्या नावाशेजारी द्यायचं.

मग म्हणाले, त्यांना फोन लावा.

मी देऊळघाटला काकांच्या मोबाईलवर फोन लावून लेखकांच्या हातात दिला. काकांना एवढंच माहीत होतं की मी आज संग्रामपूरला आहे. स्पीकर चालू होता. पलीकडून काकांचा बारीक आवाज आला, तिकडं कोन हाय?

लेखकांनी फोन दोन्ही हातांनी धरला, कानाला घट्ट लावला आणि म्हणाले, “हाव, बोला.”