निवेदनातलं माझं वाक्य

दूरच्या एका देशावर बॉम्ब पडत होते आणि टाकणाऱ्याची मित्र सरकारं एकामागून एक, वरातीत शिरावं तशी त्या युद्धात शिरत होती. त्यांचीच माणसं रस्त्यावर येऊन नको म्हणत होती. आमच्या शहरात निषेध कसा झाला? जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देऊन. आठ दिवस नळाला पाणी नाही, निवेदन. समुद्रापलीकडं क्षेपणास्त्रं उडाली, निवेदन. कागदावर आवक शिक्का बसला की आमचं कर्तव्य संपतं.

ते निवेदन मी लिहिलं. शहागंजात चष्म्यांचं दुकान चालवणारे भाई माझे वीस वर्षांचे मित्र. माझं अक्षर चांगलं, म्हणून माझ्याकडं आले. मला मनातून हसूच येत होतं. पण कागद पुढं आला की माझ्यातल्या मास्तराला चेव येतो. ‘दोस्तीखातर युद्धात उतरणारी सरकारं गुन्हेगार आहेतच, गप्प बसलेलं आपलं सरकारही त्यांच्यातच मोजलं जाईल,’ असं एक वाक्य मी ठोकून दिलं. लई कडक झालं, असं भाई म्हणाले. राहू द्या, मी म्हटलं.

सहीची वेळ आली तेव्हा मात्र मला नोकरी आठवली. कचेरीसमोरच्या रसवंतीत उभा राहून मी मोर्चा पाहिला. चाळीसेक माणसं, फोटोपुरत्या घोषणा, फोटो झाला की निम्मी पसार. मी त्यांना हसलो. निदान ती फोटोत तरी होती.

आठवड्यानं पोलिसांनी भाईंना बोलावलं. हे वाक्य कुणाचं? माझंच, असं त्यांनी सांगितलं. मला हे कळलं ते आमच्या दोघांच्या बायकांच्या बोलण्यातून. नेमकी तेव्हाच भाईंच्या पासपोर्टची पोलीस पडताळणी चालू होती. लेक मस्कतला, पहिलं बाळंतपण. पडताळणी अडकली. नातू झाला, रांगला, चालू लागला, भाईंनी तो मोबाइलवर पाहिला. मी त्यांच्या दुकानात चहा पीत राहिलो. विषय काढला नाही.

गेल्या महिन्यात ते पुन्हा कोरा कागद घेऊन आले. पडताळणीसाठी नवा अर्ज. मी लिहिला आणि शेवटी घातलं, की ते वाक्य माझं होतं. खाली सहीसुद्धा केली. भाईंनी वाचलं. मला वाटलं, आता गळ्यात पडतील. माझ्यासारख्याला असलंच काहीतरी वाटतं.

“हे कापा, सर,” ते शांतपणे म्हणाले. “तुमचं नाव आलं, तर मी तवा खोटं बोललो असं व्हईल. मग कायमचंच अडकंल.”

मी ते वाक्य आणि सही खोडली.

“त्यापेक्षा माफी लिहा. माझ्याकडून.”

मी नवा कागद घेतला. सुरेख अक्षरात उतरवलं, ‘त्या वाक्याबद्दल मी दिलगीर आहे.’ भाईंनी खाली सही केली, तारीख टाकली आणि मला चहा विचारला.