उज्ज्वलाच्या नावावर गेलेलं माझं रक्त

उज्ज्वला माझ्याशी खोटं बोलली, आणि मग मेली.

आज वर्ष झालं. ग्रुपवर सकाळपासून फुलं आणि जोडलेले हात येतायत. "हसतमुख", "लढवय्यी" वगैरे लिहून झालंय सगळ्यांचं.

होती हसतमुख. हसत हसतच फसवलं तिने मला.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे आखातात, हवल्लीतल्या एका क्लिनिकच्या लॅबमध्ये आम्ही दोघी टेक्निशियन. आठ वर्षं शेजारी शेजारी. ती कुडाळची, मी चिपळूणची. डबा एकत्र, चहा एकत्र.

चार वर्षांपूर्वी तिला ल्युपस निघाला. शरीराचं संरक्षण करणारी फौज स्वतःच्याच अवयवांवर उलटते, तो ऑटोइम्यून आजार. तिच्या किडन्यांवर उलटली होती. स्टिरॉइड सुरू झालं, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या.

किडन्या सावरल्या. पण चेहरा सुजला, केस गेले, आणि तोंडात सारखी बुरशी यायला लागली. घास गिळताना डोळ्यांत पाणी यायचं तिच्या.

एकदा तिने स्वतःच जिभेवरचा स्वॅब घेऊन स्लाइड केली आणि मला हाक मारली.

"माधुरी, बघ गो. काय बाग फुललीय माझ्या तोंडात!"

मी मायक्रोस्कोपमधून बघितलं, आणि वर शहाणपणा केला. नुकतंच एक ऑनलाइन लेक्चर ऐकलं होतं ना! म्हटलं, "फंगस आणि ऑटोइम्यूनचा काहीतरी संबंध असू शकतो म्हणतायत. बुरशीशी लढता लढता शरीर भरकटतं की काय, शोधतायत लोक."

असू शकतो. एवढंच म्हटलं होतं मी.

तिच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं. मी सोबत होते. "संबंध असेलही, पक्कं कुणालाच माहीत नाही अजून. तुझ्या तोंडातली बुरशी मात्र या गोळ्यांमुळे वाढतेय. तिला वेगळं औषध देतो. पण गोळ्या थांबवायच्या नाहीत. कधीच."

तिने मान डोलावली.

मग तिला ऑनलाइन एक "सर" भेटले. डॉक्टर नव्हेत. आवाज मात्र असा गोड, की ऐकत राहावं. त्यांच्याकडे "कदाचित" हा शब्दच नव्हता.

"मूळ बुरशीच आहे ताई. गोळ्या तिलाच पोसतायत. तीन महिने द्या मला. बुरशी उपाशी मारू, ल्युपस आपोआप जाईल."

साखर बंद. खुबूस, म्हणजे इथली रोटी, बंद. इडली, डोसा, दही, आंबवलेलं सगळं बंद.

हे मला दिसत होतं. मी विचारलं, "गोळ्या घेतेस ना?"

"घेतंय गो बाई. तू काय माझी सासू?"

त्याच सुमारास एकदा म्हणाली, "थोडं रक्त दे ना. आणि युरिन. नवीन किट तपासायला नॉर्मल सँपल हवंय."

लॅबमध्ये हे नेहमीचंच. मी बाही वर केली. हात हलका होता तिचा, सुई गेलेली कळायचीसुद्धा नाही.

पुढच्या महिन्यात परत. त्याच्या पुढच्या महिन्यात परत.

तीन महिने उज्ज्वलाचे रिपोर्ट एकदम छान आले. सही माझी. मी तिला मिठी मारून म्हटलं, "बघ, सगळं नॉर्मल!"

पाय सुजले, तर म्हणे उभं राहून राहून. धाप लागली, तर म्हणे बाहेर धूळ किती उडतेय बघ.

एका दुपारी रक्ताच्या नळ्या फिरवायच्या सेंट्रिफ्यूजपाशी खाली बसली, ती उठेचना. हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जुना रिपोर्ट आणि नवा रिपोर्ट शेजारी धरले.

"दहा दिवसांपूर्वी नॉर्मल? शक्य नाही. हे रक्त एका माणसाचं नाहीये."

मला तिथेच उभ्या उभ्या कळलं.

दुसऱ्या दिवशी, डायलिसिसनंतर, ती थोडं बोलत होती.

मी विचारलं, "गोळ्या सोडल्यास, आणि तुझ्या नावावर माझं रक्त पाठवलंस?"

तिने नजर वळवली नाही. "सरांनी तीन महिने मागितले होते. तुला सांगितलं असतं तर दिले असतेस?"

"नाही."

"म्हणून."

मग म्हणाली, "बरी होऊन दाखवणार होते तुला."

मी निघून आले. म्हटलं, उद्या भांडेन. उद्या ती व्हेंटिलेटरवर होती. अकराव्या दिवशी गेली.

तिचे मिस्टर शुवैखला गोदामात काम करतात. ते रिपोर्टचे कागद घेऊन माझ्या दारात आले. "ताई, सही तुमची आहे. आणि तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी सगळं सांगितलं. त्यांना वाटलं, गेलेल्या बाईवर ढकलून मी अंग काढून घेतेय. तेव्हापासून बोलणं बंद. फरवानियात बकाल्यात, किराण्याच्या दुकानात, समोर आले, तर अर्धं सामान तसंच ठेवून बाहेर पडले.

सरांनी त्यांच्या ग्रुपवर लिहिलं, "ताईंनी उपचार अर्धवट सोडले."

अर्धवट? चतकोर खुबूससुद्धा खाल्ला नाही तिने. मी हे खाली लिहिलं, तर मला ब्लॉक केलं.

बुरशी आणि ऑटोइम्यूनवर काही नवीन आलं की मी अजून वाचते. असेलही त्यात काही. कळेल कधीतरी. तोवर जिवंत राहायचं होतं ना गो, एवढंच काम होतं तुला!

गेल्या आठवड्यात तिच्या लेकीचा, आर्याचा मेसेज आला. दहावीत आहे.

"मावशी, डिड मम्मा लाय टू यू? ऑर डिड यू लाय टू पप्पा?"

मग लिहिलं, "मम्मा खोटं बोलली. तिला बरं व्हायचं होतं."

"ओके. आय बिलीव्ह यू. आय ॲम सो अँग्री विथ हर."

"मी पण, बाळा."

उज्ज्वला, तुला श्रद्धांजली. रागावूनच वाहतेय, पण वाहतेय.