तारप्याच्या नाचातली मोकळी जागा

तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं की त्या वासासरशी गिरीज गावची जानकी आठवते. आमच्या केळीच्या वाडीत कामाला येणारी वारली बाई. तिची पोर वाडीतल्या बावखलात, शिंपण्याच्या तळ्यात बुडाली, तेव्हापासून ती फारसं बोलायची नाही. संध्याकाळी मात्र गेरूने सारवलेल्या कुडावर बांबूच्या काडीने पांढरा तारपा नाच काढत बसायची, तारपा वाजवणाऱ्याभोवती हातात हात धरून फिरणारी माणसं. मी नवी सून, बघत उभी राहायचे.

एकदा नाचात तिने काढलेल्या तिच्या पोरीच्या आकृतीशेजारी मोकळी जागा दिसली. पोरीचा हात तिकडे लांबलेला होता.

"इथे कोण?" मी विचारलं.

"मी." तिने काडी पिठात बुडवली.

बावखलावर अंधार उतरत होता. मी घाबरून तिचा हात धरला.

"सोड वैनी," ती म्हणाली, "आज नाय."

तेव्हा मी हादरले होते. आता कळतं, रोज ती त्या जागेपर्यंत यायची आणि रोज ती जागा मोकळी ठेवून उठायची.