आप्पांनी बस का सोडली

मित्रांनो, आज दुपारी जांबोटीच्या माझ्या चुलत्यांचा, आप्पांचा, बेळगावात प्रोस्टेटचा एमआरआय झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेने त्यात एका जागी लाल खूण केली होती. डॉक्टरांनी ती नीट तपासली.

"कॅन्सरचा दाट संशय आहे, हाडापर्यंत पोचल्यासारखा दिसतो. तुकडा काढून खात्री करू. त्रास कधीपासून आहे?"

"दोन म्हैनं," आप्पा म्हणाले.

"दोन वरसं म्हणा की," काकी म्हणाल्या. "लघवी धरवत न्हाय म्हणून बस सोडली ह्यांनी. पावण्यांकडं बी चालत जात्यात. वाटंत आडोसा मिळतोय न्हवं."

"सुना-लेकींच्या घरात कसं बोलायचं गं ते?" आप्पा पुटपुटले.

त्यांच्या याच चालण्याचं कौतुक मी गावच्या सभेत केलं होतं, तरुणांना त्यांचा दाखला दिला होता. टाळ्या पडल्या तेव्हा आप्पा खाली मान घालून बसले होते.

आता यंत्राला बारीक गाठ दिसते, पण माणसाला तिथवर पोचवायलाच आपण दोन वर्षं लावतो. आणि या लाजेला आपण संस्कार म्हणतो. आज मला त्या शब्दाची चीड आली.

तुमच्या घरातला कुणी अलीकडे प्रवासाला नको म्हणू लागलाय का? त्याला कारण विचारलंत?