शांत दिवसाची संध्याकाळ

शुक्रवारी आमच्या डोंबिवलीत दुरुस्तीसाठी लाइट जाते. नेमक्या त्याच वेळी माझ्या पीएच.डी.च्या गाइडचा फोन आला. "तुझा कोड शांत दिवसावर चालवून बघितलास ना?"

नव्हता बघितला. सौर वादळांमागे लागलेलं माणूस वादळ नसलेल्या शांत दिवसाकडे ढुंकूनही बघत नाही.

"प्रबंध आज संध्याकाळी जातोय," ते म्हणाले. "त्याआधी बघ."

अख्खा प्रबंध एका गोष्टीवर उभा होता. विषुववृत्ताजवळचं एक रडार पूर्वेकडे तिरक्या रेडिओ लहरी सोडतं. खूप उंचावरच्या प्लाझ्मावरून, म्हणजे विद्युतभारित वायूवरून, त्या परत येतात आणि तो वायू रडारच्या जवळ येतोय की लांब जातोय ते सांगतात. दिवसा तो पश्चिमेकडे वाहतो, संध्याकाळनंतर पूर्वेकडे. माझ्या वादळाच्या संध्याकाळी तो पश्चिमेकडे वाहिला होता. आईने ही बातमी बिल्डिंगभर केली होती: आमच्या मुलीने आकाशातला उलटा प्रवाह पकडला!

पण जवळ येण्याला अधिक म्हणायचं की उणे, हे प्रत्येक लॅबचं आपापलं ठरलेलं असतं. रडारच्या आकड्यांवरून दिशा काढणारा कोड मी दुसऱ्या लॅबमधून उचलला होता आणि त्यांचं काय ठरलंय, हे विचारायची तसदी घेतली नव्हती. शहाणी!

लॅपटॉपची बॅटरी झरझर उतरत होती. केमिकल कंपन्यांचा आंबूस वास आत यायला लागला, तशी आई खिडक्या लावत फिरू लागली. मी एक शांत दिवस काढून कोड चालवला. दुपार उमटली ती पूर्वेकडे. संध्याकाळ उमटली, पश्चिमेकडे. दुसरा दिवस घेतला, तिसरा घेतला. सगळे उलटे.

म्हणजे कोडच उलटा होता. माझ्या वादळातला प्रवाह मुळात पूर्वेकडेच गेला होता.

"काय गं, झालं काय?" आईने विचारलं.

"वर काही बिघडलंच नव्हतं, आई. सगळं रोजच्यासारखं चाललेलं."

"मग बरंच झालं की!" ती मनापासून म्हणाली. "तोंड का पाडून बसलीयस?"

मला रडू फुटलं. ती पदराने माझं तोंड पुसत राहिली, तेवढ्यात स्क्रीन काळी झाली. मी गाइडना फोन लावला.

"सर, पाठवू नका."