आमच्या नाटकातली राक्षसीण मेलीच नाही

मंडळी, झाशीतल्या आमच्या मराठी मंडळाचं बालनाट्य पाहून आत्ताच घरी आलेय, पण मन अजून तिथेच तरंगतंय.

गोष्ट जुनीच. राजपुत्र समुद्र ओलांडून बेटावर जातो आणि राक्षसिणीला मारून तिचा चमकता मोती आणतो. मंडळाच्या मुलांत सगळ्यांत उंच म्हणून माझी अन्वी राक्षसीण. सकाळी रडली होती, "आई, मला सगळे हसतील."

राजपुत्राने तलवार उगारली. अन्वीने किंचाळून पडायचं होतं, पण ती पडलीच नाही. निळ्या उजेडात मोती छातीशी धरून ती हळूच म्हणाली, अन् तेही हिंदीत, "ले जाओ भैया. पर इस टापू पर यही एक उजाला है. मुझे अँधेरे से डर लगता है."

लांबून मालगाडीची धडधड तेवढी येत होती. राजपुत्र गोंधळला, मग तलवार ठेवून तिच्याशेजारी बसला. पडदा पडेपर्यंत दोघं तशीच बसलेली.

वाटेत मी विचारलं, "हे कधी ठरवलंस गं?"

"ठरवलं नाही. तिथे उभी राहिले ना, तर मला तिचं घर दिसलं."

तुमच्या लहानपणच्या गोष्टीतली राक्षसीण कुठे राहायची, आठवतंय का कुणाला?